छोट्या ट्रॅक्टरचा काढता-जोडता बॅकहो : एका वर्षाच्या वापरानंतर

चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची केळी आणि कपाशीची शेती आहे. गेल्या वर्षी आखाजीच्या सुमारास मी घरच्या २८ अश्वशक्तीच्या, चारही चाकांना ओढ असलेल्या छोट्या ट्रॅक्टरसाठी बॅकहो, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसवायचा खोदाईचा हायड्रॉलिक हात, विकत घेतला. आमच्या भागात मागे बकेट असलेले कोणतेही यंत्र जेसीबीच म्हणून ओळखले जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी आमच्या सालदाराने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “नाना, हाई जेसीबी शे का ट्रॅक्टर?” तेव्हा आम्ही हसलो, पण वर्षभरात या प्रश्नाचे महत्त्व मला पटले. ज्याच्याकडे खोदाईसाठी वेगळे यंत्र आहे, त्याला बॅकहो काढण्याची गरज पडत नाही. माझ्यासारख्याला मात्र तोच ट्रॅक्टर सकाळी रोटाव्हेटरला, दुपारी ट्रॉलीला आणि पुढच्या आठवड्यात फवारणी यंत्राला लावायचा असतो, आणि बॅकहो मागे असेपर्यंत यांपैकी एकही काम होत नाही. म्हणून हे परीक्षण खोदाईपेक्षा बॅकहो उतरवण्याच्या आणि पुन्हा चढवण्याच्या कामाबद्दल अधिक आहे. कारखान्याचे नाव मी देत नाही, कारण याच धाटणीची जोडणी अनेक जण बनवतात आणि घेणाऱ्याने नावापेक्षा जोडणी पाहणे जास्त महत्त्वाचे आहे.

खोदाईबद्दल थोडक्यात सांगतो. बकेट १२ इंच रुंद आहे आणि खोली सुमारे ६ फुटांपर्यंत मिळते. ठिबकच्या सबमेनसाठी अडीच-तीन फूट खोल चारी काढणे, जुन्या बागेतील केळीचे कंद उपटणे आणि शेताच्या कडेची बुजलेली चारी मोकळी करणे ही कामे काळ्या जमिनीत तो समाधानकारक करतो. मुरूम लागला की वेग निम्म्यावर येतो. शिरपूरकडे नाला खोलीकरणाची जी प्रचंड कामे झाली, तसल्या कामाची अपेक्षा या यंत्राकडून कोणी ठेवू नये.

आता जोडणीकडे वळतो. विक्रेत्याने मला दोन प्रकार दाखवले होते. पहिला प्रकार नांगर किंवा रोटाव्हेटरप्रमाणे ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टच्या तीन बिंदूंवर बसणारा होता. तो स्वस्त होता आणि काढायला-लावायलाही सोपा दिसत होता. दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणारी एक मजबूत चौकट, म्हणजे सबफ्रेम, चासीला कायमची बोल्टने जखडलेली असते आणि बॅकहो त्या चौकटीच्या मागच्या टोकाला अडकतो. मी दुसरा घेतला आणि त्यासाठी जास्त पैसे मोजल्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. लिफ्टची रचना अवजार उचलण्यासाठी आणि ओढण्यासाठी असते. बकेट जमिनीत रुतवून ओढताना जे उलटसुलट झटके बसतात, ते सोसण्यासाठी ती नसते. तीन बिंदूंवर बसवलेल्या बॅकहोचे झटके टोपलिंकच्या, म्हणजे लिफ्टच्या वरच्या दांड्याच्या, ब्रॅकेटवर आणि तेथून गिअरबॉक्सच्या ओतीव आवरणावर जातात, आणि ते आवरण तडकले तर खर्च बॅकहोच्या किमतीशी स्पर्धा करतो. त्याहून गंभीर धोका असा की बकेटने जमीन दाबताना संपूर्ण बॅकहो वर उचलला जाऊन चालकासह ट्रॅक्टरच्या पाठीकडे दुमडू शकतो. सबफ्रेममुळे हाच भार चासीच्या लांबीवर विभागला जातो. ‘दोन्ही सारखेच’ असे सांगणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून साधी कुदळही घेऊ नये, असे माझे मत आहे.

माहितीपत्रकात ‘अवघ्या पंधरा मिनिटांत काढा’ असे छापले होते. आम्हाला पहिल्या वेळी तीन तास लागले. आज दोघे मिळून उतरवायला साधारण अर्धा तास आणि चढवायला पाऊण तास लागतो, आणि हा वेळ मला वाजवी वाटतो. पंधरा मिनिटांचा हिशेब करणाऱ्याने लिफ्टचे खालचे दोन्ही लिंक धरलेले नाहीत, अशी मला शंका आहे. बॅकहो बसवण्यापूर्वी ते काढून ठेवावे लागतात आणि रोटाव्हेटर लावण्यापूर्वी परत बसवावे लागतात. पुढचे वजनाचे पाटेही कामानुसार कमी-जास्त करावे लागतात, कारण मागे बॅकहो असताना पुढची चाके हलकी पडतात.

उतरवण्याची पद्धत एकदा नीट समजली की आवडू लागते, कारण बॅकहो स्वतःला स्वतःच उचलतो. सपाट आणि टणक जागी ट्रॅक्टर उभा करून हँडब्रेक लावावा आणि इंजिन मंद गतीवर ठेवावे. बॅकहोच्या सीटवर बसून बाजूचे दोन्ही हायड्रॉलिक पाय खाली टेकवावेत, बूम, म्हणजे बॅकहोचा मुख्य हात, थोडा लांब करून बकेट जमिनीवर पालथे न ठेवता सपाट ठेवावे, आणि चौकटीचा भार पिनांवरून सुटेपर्यंत हळूहळू दाब द्यावा. मग इंजिन बंद करून वरच्या दोन्ही पिना काढाव्यात. भार नेमका सुटला असेल तर पिन हाताने निघते. हातोडा घ्यावासा वाटला, तर भार अजून पिनेवर आहे असे समजून पुन्हा सीटवर बसावे. पिना निघाल्यावर इंजिन परत सुरू करून बूम आणि पाय अगदी थोडे-थोडे चालवले की बॅकहोच्या खालच्या बाजूचे हूक सबफ्रेमच्या आडव्या दांड्यावरून सुटतात. या क्षणी बॅकहो ट्रॅक्टरला बांधलेला नसतो, म्हणून लिव्हरला घाईने हात लावू नये आणि दुसऱ्या माणसाला ट्रॅक्टर आणि बॅकहो यांच्यामध्ये मुळीच उभे करू नये. हूक सुटले की इंजिन बंद करावे, सर्व लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा हलवून उरलेला दाब घालवावा, होज पाइप सोडवावेत आणि ट्रॅक्टर सावकाश पुढे घ्यावा.

आमची पहिली फजिती या शेवटच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये झाली. हा बॅकहो ट्रॅक्टरच्याच पंपाच्या तेलावर चालतो. तेल एका पाइपने बॅकहोकडे जाते आणि दुसऱ्या पाइपने परत येऊन मग लिफ्टकडे वळते. बॅकहो काढल्यावर ट्रॅक्टरच्या बाजूचे दोन कपलर, म्हणजे या पाइपांची जोडायची-सोडायची तोंडे, एकमेकांना जोडून तेलाचा फेरा पूर्ण करून द्यावा लागतो. त्यासाठीच एक कपलर नर आणि एक मादी अशी रचना केलेली असते. आम्ही ते तसेच लोंबकळत ठेवले आणि रोटाव्हेटर लावायला गेलो. इंजिन सुरू होताच ते कण्हू लागले, दाब सोडणारा व्हॉल्व्ह किंचाळू लागला आणि लिफ्ट तसूभरही उचलेना. पंप गेला असे समजून मी चोपड्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने वाकून एकदा पाहिले आणि म्हणाला, “तेलले जावाले वाटच नही ना, नाना.” दोन कपलर जोडण्याचे त्याने पैसे घेतले नाहीत, येण्याजाण्याचे तेवढे घेतले. सूचनापुस्तिकेत ही गोष्ट होती, पण ती इंग्रजी आणि हिंदीत, बारीक अक्षरांत, ग्रीसच्या तक्त्याच्या खाली छापलेली होती. जी चूक केल्याने पंप तापून निकामी होऊ शकतो, तिच्यासाठी कपलरशेजारी एक ठळक पट्टी चिकटवणे कारखान्याला अवघड नव्हते. आता आम्हीच तेथे लाल रंगाने खूण केली आहे.

चढवताना मात्र खरी परीक्षा उन्हाची असते, आणि हा भाग खानदेशातील वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. होज पाइप सोडल्यावर बॅकहोच्या बाजूचे तेल दोन्ही कपलरच्या आत बंद होते. तेल तापले की फुगते, आणि त्याला जायला जागा नसल्याने दाब वाढतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना उघड्यावर ठेवलेल्या बॅकहोचे लोखंड हाताला चटका देते. त्याच्या आतील तेलाची अवस्था त्यावरून ओळखावी. अशा वेळी कपलर कितीही जोर लावला तरी बसत नाही. आमच्याकडे दोघा तरुणांनी सगळा जोर लावून पाहिला, एकाने कपलरवर दगड घालण्याचा प्रस्ताव मांडला, तो मी वेळीच फेटाळला. शेवटी पाइपांवर ओली गोणपाटे टाकून तासभर वाट पाहिली आणि संध्याकाळी तोच कपलर एका झटक्यात बसला. तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. काम संपल्यावर तेल गरम असतानाच बॅकहो उतरवतो, म्हणजे नंतर ते थंड होऊन आतला दाब उतरतो. आणि चढवण्याचे काम सकाळी ऊन चढण्याआधी उरकतो. बॅकहो पत्र्याच्या छपराखाली ठेवला तरी पाइपांवर जुनी ताडपत्री टाकतो. काही जण पाइपाचा नट सैल करून दाब सोडतात. ते करायचेच असेल तर जाड कापड गुंडाळून, तोंड बाजूला ठेवून आणि अगदी सावकाश करावे. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते. गळती शोधतानाही हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

दुसरा शत्रू आपली काळी जमीन. पहिल्या पावसाळ्यात जागा नव्हती म्हणून बॅकहो खळ्याच्या कडेला उतरवला होता. जूनअखेरीस जमीन ओली होऊन फुगली आणि उजवा पाय चार बोटे खाली गेला. त्यातच हायड्रॉलिक पाय काही आठवड्यांत स्वतःहूनही थोडे बसतात, कारण व्हॉल्व्हमधून तेल झिरपत राहते. सगळी चौकट एका अंगाला कलली आणि हूक दांड्यासमोर येईनात. पहार, बॉटल जॅक आणि बाभळीच्या फळ्या घेऊन अर्धा दिवस चिखलात घालवल्यावर तो सरळ झाला. पुढे मी छपराखाली काँक्रीटचा ओटा करून घेतला आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचे दोन स्टँड बनवले. बॅकहो उतरवला की त्याची मुख्य चौकट त्या स्टँडवर टेकवतो, त्यामुळे पाय बसले तरी उंची बदलत नाही. हे स्टँड कारखान्याने यंत्रासोबतच द्यायला हवे होते. एवढ्या किमतीच्या वस्तूबरोबर ते न देणे मला कद्रूपणाचे वाटते.

ओट्यावर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांसाठी दोन पिवळ्या रेघा मारल्या आहेत. त्या रेघांतून सरळ मागे आले की चढवण्याचे निम्मे काम झालेले असते. वीतभर अंतर राहिले की थांबून, इंजिन बंद करून ट्रॅक्टरच्या बाजूचे जोडलेले कपलर सोडवायचे, पुसायचे आणि बॅकहोच्या पाइपांना जोडायचे. मग बॅकहोच्या सीटवरून पाय आणि बूम चालवून चौकट दांड्यावर आणायची. हूक दोन्ही बाजूंनी पूर्ण बसले का, हे उतरून डोळ्यांनी पाहावे. सीटवरून फक्त डावी बाजू दिसते. वरची छिद्रे एका रेषेत आली की नाही हे बोट घालून पाहण्याची सवय अनेकांना असते, ती मोडावी. चौकट केसभर सरकली तरी बोट जाते. आम्ही त्यासाठी जुन्या सळईचा तुकडा ठेवला आहे. नव्या यंत्राच्या छिद्रांत कारखान्याचा रंग साचलेला होता, त्यामुळे पिन सुरुवातीला शिरतच नव्हती. कानस मारून रंग काढला आणि ग्रीस लावले, तेव्हापासून तक्रार नाही. पिनेला लॉक पिन लावल्याशिवाय आणि रस्त्याने नेताना बूम बाजूला झुलू नये म्हणून असलेली पिन घातल्याशिवाय ट्रॅक्टर जागचा हलवायचा नाही, हा सालदाराचा स्वतःचा नियम आहे आणि तो माझ्यापेक्षा काटेकोर आहे.

वर्षभरात वेल्डिंग कोठेही उघडलेले नाही, सबफ्रेमचे बोल्ट पहिल्या महिन्यात एकदा आवळावे लागले, आणि पिनांच्या बुशांत अद्याप खेळ आलेला नाही. ज्याच्याकडे पक्की सपाट जागा, सावली आणि मदतीला एक समजूतदार माणूस आहे, त्याने हा बॅकहो जरूर घ्यावा. ज्याला वर्षातून दोन-चार दिवसच खोदाई असते, त्याने तासावर मोठे यंत्र बोलवावे. त्यात त्याचा फायदा आहे. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला बॅकहो आपल्यासमोर उतरवून पुन्हा चढवायला सांगावे, आणि शक्य असल्यास भर दुपारी सांगावे.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल एकच तक्रार उरली आहे. बॅकहोच्या बाजूच्या कपलरवर लावायच्या धूळरोधक टोप्या पहिल्या दोन महिन्यांतच फाटल्या. नव्या पाठवतो असे तीन वेळा सांगण्यात आले, परंतु त्या अजून आलेल्या नाहीत. तोपर्यंत बॅकहो उतरवला की कपलर पुसून त्यावर प्लास्टिकची पिशवी घालतो आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधतो.