एका रात्रीत ओटीपीच्या एसएमएसमध्ये 75 हजार गेले, एसएमएस एपीआय वापरत असाल तर वाचा

मी गोव्यातल्या डिचोलीचा, सॉफ्टवेअरची छोटी कामं घेतो. मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसवाल्या काकांना बुकिंगचं ॲप करून दिलं होतं, मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो ते नेहमीचं लॉगिन, एसएमएससाठी परदेशातल्या एका कंपनीचा एपीआय, म्हणजे ॲपने सांगितलं की ती कंपनी आपोआप मेसेज पाठवते आणि दर मेसेजला पैसे घेते. पाहुणे रशियन, ब्रिटिश, इस्रायली, म्हणून मी सगळे देश उघडे ठेवले, आणि ऐन सीझनला लॉगिन अडू नये म्हणून ऑटो रिचार्ज लावला, बॅलन्स 20 डॉलरच्या खाली गेला की काकांच्या कार्डावरून 100 डॉलर.

चवथीच्या आदल्या दिवशी घरात गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीची गडबड होती, रात्री उशिरा झोपलो आणि पहाटे साडेपाचला काकांचा फोन, "अरे बाबा, कितें हें? कार्डाचे मेसेज थांबतच नाहीत!" दोन ते पाच या वेळात नऊ वेळा 100 डॉलर कापले होते. कंपनी परदेशी, त्यामुळे बँकेने एकदाही ओटीपी मागितला नाही.

गेलेल्या मेसेजच्या नोंदींचा लॉग उघडला तर साडेसात हजार मेसेज गेलेले, बहुतेक +994 आणि +998 वर, म्हणजे अझरबैजान आणि उझबेकिस्तान, आणि नंबर ओळीने, शेवटचा आकडा एकेकाने वाढत जाणारा. त्यातला एकही ओटीपी परत ॲपमध्ये टाकलेला नाही. तिथेच कळलं की यात माणूस कोणी नाहीच.

याला एसएमएस पंपिंग म्हणतात. काही देशांत एका एसएमएसचा दर अमेरिकेच्या पंधरा-वीस पट असतो, त्यातला वाटा तिकडच्या ऑपरेटरला किंवा मधल्या दलालाला मिळतो, आणि तो वाटा खाण्यासाठी हे लोक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लावून तुमच्याच फॉर्ममधून तुमच्याच पैशाने मेसेज पाठवून घेतात. डेटा चोरत नाहीत, पासवर्ड फोडत नाहीत, त्यामुळे कुठली घंटा वाजत नाही. ट्विटरसुद्धा यातून सुटलं नाही, वर्षाला 6 कोटी डॉलर यात जातात असं मस्कनेच 2022 मध्ये सांगितलं होतं.

माझी चूक म्हणजे पुन्हा ओटीपी मागायच्या आधी थांबवणारा 60 सेकंदांचा टायमर फक्त बटणावर होता, बटणामागून ॲपच्या सर्व्हरला ओटीपीची मागणी जाते ती एपीआयची वाट उघडीच. बॉट बटण दाबतच नाही, थेट एपीआयला हाक मारतो.

कंपनीने मेलवर कळवलं की मेसेज पोचलेत, ऑपरेटरला पैसे द्यावे लागले, परत मिळणार नाहीत. बँक म्हणाली कार्डाची परवानगी तुम्हीच दिलीत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत.

आता फक्त चार देश उघडे आहेत, ऑटो रिचार्ज बंद, मर्यादा सर्व्हरवर आहे आणि ती नुसत्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, नाही कारण बॉट आयपी बदलत राहतो, एका नंबरला आणि नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांनाही तासाला किती ते ठरवून दिलंय, आणि समोर माणूसच आहे ना हे तपासणारा कॅप्चा. शिवाय गेलेल्या ओटीपींपैकी किती टाकले गेले ते दर दहा मिनिटांनी मोजतो, निम्म्याच्या खाली आलं की एसएमएस आपोआप बंद आणि माझा फोन वाजतो. हे सगळं बसवायला दीड दिवस लागला, आधी केलं असतं तर काकांचे पैसे वाचले असते. ते एक शब्द बोलले नाहीत, पण पैसे मी दर महिन्याला फेडतोय, अजून चार हप्ते आहेत.