सीयूईटीला कोणते विषय घ्यावेत? राज्य मंडळाच्या कलाशाखेसाठी एक तुलना

सीयूईटी, म्हणजे केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची देशभरातली सामाईक परीक्षा. तिचा फॉर्म निघाला की बारावी आर्ट्सची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात, "मॅडम, स्कोअरिंग विषय कोणता?" मी त्यांना आधी दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडायला सांगते. एक बालभारतीचं, दुसरं एनसीईआरटीचं, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालतं ते. पेपर निघतो तो दुसऱ्या पुस्तकाच्या अभ्यासक्रमावर. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आटोपली की मे महिन्यातल्या सीयूईटीपर्यंत हातात जेमतेम दीड-दोन महिने राहतात. तेवढ्या दिवसांत या दोन पुस्तकांमधलं अंतर कोणत्या विषयात भरून निघेल, यावर विषयाची निवड करायची.

2025 ची रचना थोडक्यात सांगते. 13 भाषा, 23 विषय आणि सामान्य अभियोग्यता चाचणी, म्हणजे जीएटी, असे एकूण 37 पेपर. त्यातले जास्तीत जास्त 5 घेता येतात. प्रत्येक पेपरात 50 प्रश्न आणि 60 मिनिटं. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं तर 1 वजा. 2024 मध्ये 6 पेपर घेता येत होते, म्हणजे नियम दरवर्षी थोडेफार हलतात. तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

विषयांच्या आधी अभ्यासक्रम ठरवा, कारण काही ठिकाणी निवड तुमच्या हातात नसतेच. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स अर्थशास्त्राला गणिताचा पेपर लागतो. अकरावीला गणित सोडलं असेल तर तो रस्ता बंद. बीकॉम ऑनर्सला गणित किंवा अकाउंटन्सी, दोहोंपैकी एक चालतं. बाकी बहुतेक बीए ऑनर्सना एक भाषा आणि तीन विषय पुरतात. आणखी एक गोष्ट: सीयूईटीच्या फॉर्मवर बारावीला नसलेला विषयही निवडता येतो, पण दिल्ली विद्यापीठ बारावीला घेतलेल्याच विषयांचे गुण धरतं. फॉर्मने परवानगी दिली म्हणून भुलू नका.

आता विषय. भूगोल मी सगळ्यात वर ठेवते. लोकसंख्या, प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक व्यवसाय हे आपल्या बारावीच्या पुस्तकातले धडे एनसीईआरटीच्या मानवी भूगोलात जवळजवळ तसेच भेटतात. नवं वाचायचं ते मुख्यतः भारताबद्दलचं दुसरं पुस्तक: जलसंपत्ती, खनिजं आणि ऊर्जा, वाहतूक, व्यापार. नेटाने बसलं तर तीन आठवड्यांत होतं.

इतिहासाचं उलट आहे, आणि मुलं इथेच सर्वाधिक फसतात. बोर्डात ऐंशी-नव्वद गुण मिळवणारी मुलं इतिहास डोळे झाकून निवडतात. पण आपलं बारावीचं पुस्तक सुरू होतं युरोपातल्या प्रबोधनापासून, मग वसाहतवाद, मराठ्यांनी त्याला केलेला प्रतिकार, असं करत विसाव्या शतकात येतं. एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक हडप्पापासून निघतं. महाजनपदं, सांचीचा स्तूप, अल् बिरुनी आणि इब्न बतूता, भक्ती आणि सूफी परंपरा, विजयनगर, मुघलकाळातली शेती, मग 1857, गांधीजी आणि संविधान सभा. यातला प्राचीन आणि मध्ययुगीन भाग आपण अकरावीत थोडाफार वाचलेला असतो, आणि अकरावीत किती जण मनापासून वाचतात ते मला वर्गात दिसतं. त्यात जोड्या लावा आणि कालानुक्रम लावा हे प्रश्न अर्धवट माहितीवर सुटत नाहीत. ज्याला इतिहास खरोखर आवडतो आणि पुढे इतिहासातच ऑनर्स करायचं आहे, त्याने तो जरूर घ्यावा, पण तयारी दिवाळीपासून करावी. फक्त चौथा पेपर हवा म्हणून घेऊ नये.

राज्यशास्त्र या दोघांच्या मधलं. 1991 नंतरचं जग, जागतिकीकरण, भारत आणि जग हा भाग आपल्या पुस्तकात चांगला आहे, त्यामुळे समकालीन जागतिक राजकारणाचं अर्धं ओझं हलकं होतं. दुसरं पुस्तक स्वातंत्र्योत्तर भारताच्या राजकारणाचं: काँग्रेसचं वर्चस्व, 1967 च्या निवडणुका, आणीबाणी, प्रादेशिक आकांक्षा. ते जवळपास मुळापासून वाचावं लागतं. पण वाचायला रंगतदार आहे, आणि घरात राजकारणावर बोलणं होत असेल तर पटकन डोक्यात बसतं. भूगोल आणि राज्यशास्त्र ही जोडी मी बहुतेकांना सुचवते.

अर्थशास्त्रात उपयोगिता, मागणी, पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न हे सगळं जमेला धरा. आपल्याकडचे निर्देशांक मात्र तिथे बारावीला नाहीत, आणि तिथला भारतीय आर्थिक विकासाचा भाग आपण अकरावीत विखुरलेला शिकतो. समाजशास्त्र सोपं जातं. मानसशास्त्र तुमच्या कॉलेजात असेल तर सोडूच नका. बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, मानसिक विकार आणि उपचार असे मोठे धडे दोन्हीकडे आहेत. कॉमर्सवाल्यांना भागीदारीचे हिशेब येत असतात, कर्जरोखे म्हणजे डिबेंचर्स मात्र वेगळे बसून करावे लागतात.

भाषेचा निर्णय मला सगळ्यात नाजूक वाटतो, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात. पहिला प्रश्न भाषेच्या पेपराचा. मराठी की इंग्रजी? दोन्हींत उतारे, शब्दसंपत्ती, भाषेची समज हेच तपासतात. ज्याचं वाचन मराठीत झालं आहे त्याला मराठीत सहज जास्त गुण मिळतात आणि दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक ऑनर्सना ते चालतात. इंग्रजी ऑनर्सला मात्र इंग्रजीच लागतं. इतर विद्यापीठांच्या अटी अभ्यासक्रमागणिक बदलतात. यादीत इंग्रजी मागणारा एक जरी अभ्यासक्रम असेल तर दोन्ही भाषा घ्या.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. भूगोल किंवा राज्यशास्त्राचा पेपर मराठीतून देता येतो, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला हा मोठा आधार वाटतो. पण एनसीईआरटीची पुस्तकं मराठीत नाहीत. म्हणजे अभ्यास इंग्रजीतून किंवा हिंदीतून करायचा, आणि परीक्षेत अनोळखी मराठी पारिभाषिक शब्द वाचायचे. भाषांतरात गोंधळ झालाच तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. माझी एक विद्यार्थिनी सराव चाचणीत मराठी प्रश्नावर अडली. तोच प्रश्न मी इंग्रजीत दाखवला तेव्हा तिने लगेच उत्तर दिलं, कारण ती संकल्पना तिने इंग्रजीतूनच वाचली होती. ज्या भाषेत पुस्तक वाचलं त्या भाषेत पेपर द्या. मराठीवर माझं प्रेम कमी नाही, पण इथे मुलांचं वर्ष पणाला लागलेलं असतं.

राहिला पाचवा पेपर. एक भाषा आणि तीन विषय झाल्यावर अनेक जण जीएटी टाकतात. गणिती आणि तार्किक प्रश्न जमत असतील आणि तुमच्या यादीतला एखादा अभ्यासक्रम जीएटी धरत असेल, तर घ्या. नाहीतर दुसरी भाषा किंवा बारावीचाच चौथा विषय बरा. एखादा पेपर बिघडला तर दुसऱ्याचे गुण वापरता येतात. 2025 मध्ये खुल्या वर्गाला पहिल्या तीन पेपरांचे 1000 रुपये आणि पुढच्या प्रत्येकाचे 400 होते. हे 400 रुपये परवडत असतील तर पाचवी जागा रिकामी ठेवू नका.