मेडिकल इनोव्हेशनमध्ये पैसे लावायचं करिअर: फंड की इन्क्युबेटर?

गेल्या महिन्यात दोघांनी मला हाच प्रश्न विचारला, एक एमबीबीएस झालेली मुलगी आणि एक बायोटेकनंतर एमबीए केलेला. हेल्थकेअर व्हीसी फंडात, म्हणजे स्टार्टअपमध्ये हिस्सा घेऊन पैसे लावणाऱ्या फंडात, ॲनालिस्ट म्हणून जाऊ, की इन्क्युबेटरमध्ये, जिथे स्टार्टअपला सरकारी ग्रँट मिळवून देतात आणि मागे लागून कामं करून घेतात? मी दोन्हीकडे काम केलंय, आधी फंड, मग इन्क्युबेटर. पगाराचं म्हणाल तर फंडात बराच जास्त, तो विषय तिथेच संपला. बाकी सगळं तुम्ही कशासाठी जाताय यावर आहे.

माझं कारण बाबा. ते डायलिसिसवर होते, आठवड्यातून तीनदा चार-चार तास, आणि सुया काढल्या की फिस्तुलावर (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात ती जागा) कापूस ठेवून दहा मिनिटं अंगठ्याने दाबून धरायचं काम माझं. अंगठा जरा सैल पडला की शर्टाची बाही लाल. त्या हाताला बोटं लावली की आत बारीक थरथर लागायची, आणि ती लागतेय ना हे मी रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे, कारण ती थांबली म्हणजे फिस्तुला बंद पडला. तेव्हाच डोक्यात बसलं की यापेक्षा बरं काहीतरी कुणीतरी बनवायला पाहिजे आणि बनवणाऱ्याच्या पाठीशी कुणीतरी पैसे घेऊन उभं राहायला पाहिजे.

हे कारण घेऊन फंडात गेले आणि फार जड गेलं. फंड म्हणजे दुसऱ्यांचे पैसे, मुदत साधारण १० वर्षं, सुरुवातीची काही वर्षं लावायचे आणि मग हिस्सा विकून परत द्यायचे. नवीन औषधाला लॅबपासून बाजारापर्यंत यायलाच १० ते १५ वर्षं जातात आणि माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलेल्या दहांतलं जेमतेम एक पास होतं. मग पैसा हॉस्पिटल चेन, लॅब आणि सॉफ्टवेअरकडे वळतो यात नवल नाही. फिस्तुलाच्या एका डिव्हाइसची फाइल आली तेव्हा मी जीव तोडून नोट लिहिली, कमिटीने वीस मिनिटांत नाही म्हटलं. आणि त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, सरकारी योजनेत डायलिसिसचे दर बांधलेले, सेंटरवाला जास्तीचे पैसे आणणार कुठून? फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, पेशंटसाठी ते व्हायलाच हवं होतं, पण डिव्हाइसमध्ये पैसे लावणारे तेव्हापासून किमतीचा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात.

पण ज्याला एकाच आजाराने पछाडलेलं नाही, ज्याला आज कॅन्सर, उद्या इन्सुलिन पंप, परवा एआय असं सगळं खोदून बघायला आवडतं आणि शंभर जणांना नाही म्हणून झोप लागते, त्याला फंडासारखी जागा नाही. मोठा चेकही तिथूनच निघतो, ते विसरू नका.

इन्क्युबेटरमध्ये पैसा छोटा. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट घ्या, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात पुण्याचं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर आहे, पवईला आयआयटीत मेडिकल डिव्हाइस बनवणारं बेटिक, अशा ठिकाणी जाऊन एक दिवस नुसतं बसा. निम्मा वेळ कोटेशन, युटिलायझेशन सर्टिफिकेट (ग्रँट कुठे खर्च झाली त्याचा दाखला), अडकलेला हप्ता यातच जातो, कंटाळा येतो, खरंच येतो. पण एकदा आमच्या एका टीमने प्रोटोटाइप टेबलावर ठेवला, सर्जननी ग्लोव्ह घालून हातात घेतला आणि म्हणाले, "ओल्या ग्लोव्हने हे बटण दाबलं जात नाही." पुढच्या महिन्यात बटण बदललं होतं. हे बघायला मिळणं माझ्यासाठी पगाराच्या फरकापेक्षा मोठं होतं.

दोन्ही पैसे एकमेकांवर उभे असतात हेही बघा. नेक्सकार१९, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली आपली पहिली कार-टी थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरवर सोडायच्या), ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, परदेशातल्या तशाच उपचारापेक्षा कितीतरी स्वस्त. आधी बायरॅकचा ट्रायलसाठी पैसा, मग २०२१ मध्ये लॉरस लॅब्स या औषध कंपनीने ही थेरपी बनवणाऱ्या इम्युनोॲक्ट कंपनीत हिस्सा घेतला. पहिला पैसा नसता तर दुसऱ्याला बघायलाही काही नव्हतं.

ज्यांचं कारण माझ्यासारखं घरातलं आहे त्यांनी अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसं खराब करणारा आनुवंशिक आजार) फाउंडेशनचं उदाहरण नीट वाचावं. आजारी मुलांच्या आईवडिलांनी १९५५ मध्ये सुरू केलेली संस्था, तिने स्वतः औषध कंपनीत पैसे घातले, २०१२ मध्ये कॅलिडेको हे औषध आलं, २०१४ मध्ये त्याच्या विक्रीतल्या वाट्याचे, म्हणजे रॉयल्टीचे हक्क ३.३ अब्ज डॉलरला विकून ते पैसे पुन्हा त्याच आजारावर लावले. औषधाची किंमत मात्र बाजारात आलं तेव्हा वर्षाला जवळपास ३ लाख डॉलर, त्यावरून घरच्यांनाच किती बोचलं असेल. असा एकाच आजाराला धरून बसलेला पैसा आपल्याकडे फार थोडा आहे, म्हणून तसं कारण असलेल्या माणसाला मी आधी इन्क्युबेटरच सुचवते.

एमबीएवाल्याला मी फंडात जा म्हटलं, त्याचे डोळे टर्म शीटच्या, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या गप्पांनीच चमकतात. डॉक्टर मुलीचा भाऊ थॅलेसेमियाचा पेशंट आहे. तिला म्हटलं, इन्क्युबेटरच्या इंटरव्ह्यूत त्यांनाच विचार, तुम्ही पैसे दिलेली कुठली वस्तू आज कुठल्या वॉर्डमध्ये वापरात आहे, आणि वॉर्डचं नाव आलं तर तिथे जाऊन सिस्टरशी बोलून ये. परवा तिचा मेसेज आला, शनिवारी जातेय.