टस्कन स्टाइल घर, तेही बेलापूरला: डिझायनरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. वाशीतल्या एका डिझाइन स्टुडिओकडून आम्ही बेलापूरच्या रो हाऊसचं काम टस्कन, म्हणजे इटलीतल्या टस्कनी भागातल्या घरांसारखं करून घेतलं, छपरापासून लादीपर्यंत सगळं, कॉन्ट्रॅक्टर पण त्यांचाच.

आर्किटेक्ट मुलगी एकदम हुशार आहे हां. नवरा फोनमधले इटलीचे फोटो दाखवत सुटला तेव्हा तिने सरळच सांगितलं, काका, फ्लोरेन्सला वर्षभर मिळून 850-900 मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे 2500 च्या आसपास आणि तोही चार महिन्यांत, तिकडची बसकी छपरं इथे जशीच्या तशी केली तर कौलांखालून पाणी आत येणार. मग तिने उतार चांगला तिरका घेतला, मंगलोरी कौलं टाकली, वळचण भरपूर बाहेर काढली, आणि पहिल्या पावसात छपरातून एक थेंब गळला नाही. ऑलिव्हचं झाड पण तिनेच रद्द केलं, त्याला फुलायला हिवाळ्यात कडक थंडी लागते आणि आमच्याकडे जानेवारीत पंखा चालू असतो. तिकडच्या उंच निमुळत्या सायप्रस झाडांऐवजी ते उंच सडसडीत अशोक लावलेत, सासरे म्हणतात शाळेचं कंपाउंड वाटतं, वाटू दे.

प्लॅन काढायच्या आधी ती आम्हाला इथल्याच आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घेऊन गेली, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी 80 च्या दशकात अंगणाभोवती घरं बांधलीत ती बघायला. ते बघून मधलं अंगण ठरलं, छोटंसंच आहे पण घरात हवा खेळते. किचन-डायनिंग एकत्र, मोठं लाकडी टेबल, आणि बांगडे तळायला मागे वेगळा ओटा, सासूबाई खूश.

आता कुठे मार्क कापले ते. ड्रॉइंगमध्ये बाहेरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता, कॉन्ट्रॅक्टरने सिमेंटवर पिवळा टेक्स्चर पेंट मारून मोकळा झाला, आणि गणपतीपर्यंत पश्चिमेची भिंत शेवाळाने हिरवीकाळी. विचारलं तर म्हणे पाऊस संपू दे मॅडम, बघू! डायनिंगच्या टेराकोटा लादीला सीलर न लावताच सामान आत आलं, हळद-तेलाचे डाग आता कशानेही जात नाहीत. हॉलमधल्या कमानींबद्दल तर बोलायलाच नको, इटलीतल्या जुन्या घरांत कमान भिंतीचं वजन पेलते, आमची पीओपीची, टिचकी मारली की पोकळ वाजते, आणि तिचं बिल वेगळं 😡 साइटवर आर्किटेक्ट स्वतः असली की काम झकास, ती नसली की मिस्त्री आपल्या मनाचा राजा.

त्यांना काम द्यायचं असेल तर बिनधास्त द्या, फक्त तिच्या साइट व्हिजिट्स आणि गिलाव्याचं मटेरियल अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावरच.