स्लाइडचे पैसे, निगेटिव्हची पट्टी

'फ्रेश प्रोव्हिया १०० एफ, ३६ फोटो' असं लेबल लावलेले पाच रोल, बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त. प्रोव्हिया म्हणजे फुजीची स्लाइड फिल्म, जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट सरळ रंगांचं चित्र येतं. विक्रेता ऑनलाइन, खोकं नाही, नुसत्या काळ्या डब्या. कोल्हापुरातल्या एका हौशी फोटोग्राफरनं ते घेतले आणि चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर दोन संपवले. धुवायला बाहेरगावच्या लॅबकडे पाठवले, कारण गावातल्या कलर लॅबच्या यंत्रात असतं ते सी-४१, म्हणजे निगेटिव्हचं रसायन. स्लाइडला ई-६ लागतं. आठवड्यानं स्कॅन आले. गुलाल जांभळा, सावल्या निळ्या. विक्रेता म्हणाला, लॅबनं वाट लावली. लॅब म्हणाली, फिल्मच जुनी होती.

दोघंही खोटं बोलत होते. धुतलेल्या फिल्मची पट्टी मागवल्यावर ते दोन मिनिटांत कळलं. पण ती मागवायला महिना लागला, कारण लॅब 'स्कॅन दिलेत की' एवढ्यावरच अडून बसली होती.

पट्टी वाचायची ती कडेनं. छिद्रांच्या ओळीबाहेरच्या कडेवर फिल्मचं नाव आणि आकडे कारखान्यातच उजेडानं उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो, त्यामुळे एक्स्पोजर चुकलं असलं तरी कड खरंच सांगते. ई-६ मध्ये नीट धुतलेल्या स्लाइडची कड दाट काळी असते आणि तिच्यावर अक्षरं उजळ दिसतात. प्रोव्हिया १०० एफवर 'आरडीपी ३' (तीनचा आकडा रोमन), फुजीच्याच व्हेल्व्हिया ५० वर 'आरव्हीपी ५०'. सी-४१ मध्ये घातलेल्या स्लाइड फिल्मची कड पारदर्शक होते आणि अक्षरं गडद. लीडर तर त्याहून सोपा. रोल भरताना बाहेर राहिलेला, उजेड खाल्लेला तुकडा ई-६ मध्ये काचेसारखा स्वच्छ होतो, सी-४१ मध्ये काळाकुट्ट.

या पट्टीचा लीडर काळा होता. म्हणजे ई-६ चे पैसे घेऊन लॅबनं सी-४१ केलं, चित्र उलटवून स्कॅन पाठवले. आणि पट्टीचा रंग नारिंगी. स्लाइड फिल्म सी-४१ मध्ये घातली तरी नारिंगी होत नाही, कारण निगेटिव्हमध्ये असतो तो नारिंगी रंग (मास्क) तिच्यात नसतोच. म्हणजे फिल्मही स्लाइडची नव्हती. कडेवर आकडा होता ५२१९, आणि १, १ए, २, २ए असे फोटोचे क्रमांक कुठेच नाहीत.

५२१९ म्हणजे कोडॅकची सिनेमाची निगेटिव्ह, व्हिजन ३ मधली ५०० टी. दिव्यांच्या उजेडासाठी बनवलेली, वेग (उजेड टिपण्याची क्षमता) ५००. ती १०० ची समजून उन्हात वापरली, म्हणजे दोन स्टॉपहून जास्त एक्स्पोज झाली (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). निगेटिव्ह एवढं सहज पचवते, म्हणून चित्रं 'आली'. खरी स्लाइड असती तर दोन स्टॉप जास्त म्हणजे जवळजवळ कोरी पट्टी. तिला अर्धा स्टॉपही जाणवतो. दिव्यांची फिल्म उन्हात निळी पडते, ती झाक स्कॅनरनं ओढून-ताणून सावरली आणि त्या ओढाताणीत गुलाल जांभळा झाला. निगेटिव्हच्या या सहनशीलतेवरच हा सगळा धंदा चालतो.

लॅबला हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. या फिल्मच्या पाठीवर, २०२५ मध्ये कोडॅकनं बदल करेपर्यंत, कार्बनचा काळा थर असे, त्याला रेमजेट म्हणतात. तो आधी काढला नाही तर टाकीत काजळी होते. ज्यानं रोल धुतला त्याचे हात काळे झालेच असणार.

रोल कॅमेऱ्यात घालण्याआधी काय बघायचं? पहिलं, छिद्रं. फोटोच्या फिल्मची छिद्रं आयताकृती, कोपरे तेवढे गोलसर. सिनेमाच्या निगेटिव्हच्या छिद्रांच्या आखूड बाजू बाहेर फुगलेल्या, पिंपासारख्या. लूपखाली (भिंगाखाली) लीडर धरला की फरक लपत नाही. (बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बांधला, त्या गावाला ही छिद्रं अनोळखी असू नयेत.) दुसरं, लीडरचा दोन सेंटिमीटर तुकडा कापा, कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून मिनिटभर बुडवा आणि पाठ बोटानं चोळा. बोट काळं झालं तर सिनेमाची फिल्म. नाही झालं तर मात्र खात्री नाही, नव्या मालात तो थर नसतो. तिसरं, डबी, म्हणजे जिच्यात फिल्म गुंडाळलेली असते ती. कंपनीच्या डबीची टोपी दाबून बसवलेली असते. हातानं भरलेल्या डबीत बहुतेकदा जुन्या फिल्मचं शेपूट बाहेर ठेवून त्याला टेपनं नवी जोडतात. रोल संपताना टेप दिसली की समजा. डबीवरचे डीएक्सचे (कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणारे) चंदेरी चौकोन काही सिद्ध करत नाहीत, ते जुन्या डबीचे असतात.

सीलबंद कोडाक्रोम (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) कुणी विकत असेल तर हात जोडून पुढे जा. तिचं के-१४ रसायन २०१० अखेर जगात शेवटच्या लॅबनंही बंद केलं. तिच्यातले रंग फिल्ममध्ये नसत, डेव्हलपरमधून येत. त्यामुळे ई-६ मध्ये घालून काहीच मिळत नाही, काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या रसायनात फार तर काळी-पांढरी चित्रं. कोडॅकचीच ई-६ स्लाइड फिल्म एक्टाक्रोम ई १०० मात्र २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. ती खोक्यासकट, मुदतीची तारीख वाचूनच घ्या.

लॅब निवडताना दर विचारू नका, आधी हे विचारा: फर्स्ट डेव्हलपर (पहिलं रसायन) किती मिनिटं, किती तापमानाला? ई-६ मध्ये ३८ अंश सेल्सिअसला सहा मिनिटं हे उत्तर यायला हवं. एक स्टॉप पुश करायचा (कमी पडलेला उजेड जास्त धुऊन भरून काढायचा) तर साधारण आठ. 'सव्वातीन मिनिटं' असं उत्तर आलं तर ते सी-४१ चं आहे. पट्टी न कापता परत देणार का, हेही विचारा आणि होकार लेखी घ्या. नुसता स्कॅन म्हणजे कशाचाच पुरावा नाही. पहिल्यांदा एकच रोल पाठवा. त्यात पहिलं चित्र पांढऱ्या कागदाचं, दुसरं करड्या रंगाच्या वस्तूचं घ्या, म्हणजे रंगाबद्दल वाद उरत नाही.

दोष लॅबचा असला तरी प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही. कड नीट काळी, अक्षरं उजळ आणि तरी चित्रं मळकट, गढूळ दिसत असतील तर ब्लीच (फिल्ममधली चांदी काढायच्या कामाचं रसायन) थकलेलं असू शकतं आणि चांदी मागे राहते. हे दुरुस्त होतं: पुन्हा ब्लीच, पुन्हा फिक्सर. काळी कड फिकट, तपकिरी पडली असेल आणि अक्षरं मात्र ठीक असतील तर फिल्म म्हातारी किंवा उष्णतेनं गेलेली. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या रोलची हीच गत होते. कड छान, फक्त चित्रं फिकी असतील तर मात्र दोष आपल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा, लॅबशी भांडू नका.

पैसे परत मिळवायचे तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कोल्हापूरकरांना कोल्हापुरातच. मुदत दोन वर्षं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, लॅबशी झालेले संदेश जोडा. मूळ पट्टी सुरुवातीला देऊ नका. लाइटबॉक्सवर ठेवून तिचा कडेसकट फोटो काढा, लीडरचं टोकही त्यात येऊ द्या.