११० सीसी डर्ट बाईक, नऊ महिन्यांनंतर: फक्त एअर फिल्टरबद्दल

जूनमधे गाडीचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडावं लागलं म्हणून लिहायला बसलोय. लेकीसाठी घेतलेली छोटी ११० सीसीची डर्ट बाईक, म्हणजे माती-रानात चालवायची गाडी, एअरकूल्ड, कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग), ऑटो क्लच. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत जाणाऱ्या बाईकची रेस झाली, ती बघून आल्यापासून तिने डोकं खाल्लं होतं, शेवटी गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली. रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून रविवारी टेम्पोत टाकून वाघोलीच्या पुढे मित्राच्या मोकळ्या रानात न्यायची. त्या बाजूला खडीच्या खाणी, क्रशर, आणि मार्चनंतर धूळ अशी की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटतं.

सस्पेन्शन, ब्रेक, चेन, कशाचीच तक्रार नाही. पोरगी तीनदा आडवी पडली, लिव्हर वाकला, सरळ केला, चालू.

मे महिन्यात चढावर ती म्हणाली, "बाबा, दम लागतोय गाडीला." किक पण दहा-बारा माराव्या लागायच्या. आधी ज्यांच्याकडे सर्व्हिसिंगला देत होतो तिथे विचारलं तर म्हणाले जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) बदलू. फिल्टर साफ केलाय ना, असं विचारलं तर म्हणे "साहेब, पेट्रोलने धुऊन हवा मारून बसवलाय, एकदम नवा." मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी मान डोलावली. जेटचे पैसे गेले, फरक शून्य, वर निळसर धूर यायला लागला.

मग दुसऱ्या मेकॅनिकने सीट काढून एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा डबा, उघडला. या गाडीचा फिल्टर फोमचा असतो, त्याला ऑईल लावावं लागतं. तो हातात घेतला तर कोरडा ठणठणीत, ऑईलचा थेंब नाही, आणि चिकटवलेली शिवण एका बाजूने बोटभर उकललेली. पेट्रोलने तो गोंद सुटतो. त्याने कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबराच्या नळीत बोट फिरवलं आणि मला दाखवलं, बोटावर तपकिरी चिखल. ही धूळ ऑईलमधे मिसळली की सिलिंडरमधे पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, मजुरी मिळून आठ हजारांच्या वर गेले. कशासाठी, तर कोणीतरी चमचाभर ऑईल लावलं नाही म्हणून. अजून राग येतो.

फोममधली भोकं बारीक धुळीपेक्षा मोठी असतात हो, धूळ अडवतं ते चिकट ऑईल. कोरडा फोम म्हणजे दगड-पानं अडवणारी जाळी.

त्यानंतर मीच धुवायला लागलो. नाना पेठेतून नवा फोम आणला आणि फिल्टर ऑईलची बाटली. बाटलीची किंमत ऐकून मी आधी परत आलो होतो, घरातलं उरलेलं इंजिन ऑईल लावून बघितलं. दोन रविवार ठीक वाटलं, मग बघतो तर सगळं ऑईल खाली उतरून एअरबॉक्सच्या तळाला आणि फोमचा वरचा भाग फिका. तेव्हा गपचूप बाटली आणली. एकदाच खर्च आहे, एका वेळेला थोडंसंच लागतं, माझी अजून अर्धी पण संपली नाहीये.

धुताना आधी कार्ब्युरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. फोम त्याच्या प्लास्टिकच्या सांगाड्यावरून काढून रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनमधे बुडवून दाबायचा, आगीपासून लांब, हातमोजे घालून. मग भांड्यांच्या लिक्विड सोपने कोमट पाण्यात दोनदा. पिळायचा नाही, ओल्या कपड्यासारखा पीळ दिला की फाटतो, नुसता मुठीत दाबायचा. सावलीत पूर्ण वाळवायचा, माझ्याकडे गॅलरीत एक रात्र लागते, पावसाळ्यात दोन. मग ऑईल लावून पिठासारखा मळायचा, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत, आणि जास्तीचं दाबून काढायचं, कारण ठिबकत राहिला तर गाडी स्टार्टिंगला त्रास देते.

इथपर्यंत मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं आणि पुढे लिहिणार होतो की फोम फिल्टर ही कटकट आहे, रोजच्या गाडीतला कागदी बरा. आता मत बदललंय.

झालं असं की नवा फोम, नवं ऑईल, सगळं करूनही नळीत पांढरं फडकं फिरवलं तर पिवळट डाग. डोकंच फिरलं. पुन्हा नवा फोम घेणार होतो, पण काढताना नीट पाहिलं तर फोमची कड जिथे एअरबॉक्सला टेकते तिथे एका कोपऱ्यात धुळीची बारीक रेघ. म्हणजे धूळ फोममधून येतच नव्हती, बाजूने येत होती. सांगाडा किंचित तिरका बसत होता आणि मी नट आवळून मोकळा. आता कडेला सगळीकडून ग्रीसचा पातळ थर देतो, बसवल्यावर बोटाने पूर्ण गोल फिरून बघतो, मगच नट, तोही बेताने. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि धुण्याइतकंच, माझ्या मते धुण्यापेक्षाही महत्त्वाचं आहे. त्या उघड्या कोपऱ्यासमोर महागडं ऑईल काय करणार?

आणि कागदी फिल्टर असा धुता येत नाही, भरला की फेकायचा. इथे दोन फोम ठेवलेत, एक गाडीत, एक ऑईल लावून झिपच्या पिशवीत. धूळ जास्त असेल तर रानातच बदलतो, पाच मिनिटं.

आत्तापर्यंत सहा वेळा धुतला, शिवण शाबूत आहे. दर वेळी चिमटीत दाबून बघतो, भुगा पडायला लागला की बदलणार. काल लेकीने स्वतः नट उघडला, कडेला ग्रीस लावलं, आणि बसवण्याआधी नळीत फडकं फिरवून मला आणून दाखवलं. पांढरंच होतं.