दोन ई-६ किट, दहा रोल: काकांच्या जुन्या स्लाइड घरी धुताना

काका गेल्यावर त्यांच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात चौदा रोल निघाले. फुजीक्रोम सेन्सिया, जुनी एक्टाक्रोम आणि एकच कोडाक्रोम ६४. सगळे स्लाइड फिल्मचे, म्हणजे निगेटिव्ह न होता प्रोजेक्टरवर पाहायचं सरळ रंगांचं चित्र देणारे. सगळ्यांवर फोटो काढलेले, पण धुतलेला एकही नाही. पहिला रोल मी बाहेरगावच्या एका लॅबला पाठवला. त्यांनी तो कलर निगेटिव्हच्या सी-४१ रसायनात धुतला आणि हाती भलत्याच रंगांची निगेटिव्ह आली. एकदा असं झालं की त्याची स्लाइड पुन्हा होत नाही. आठवडाभर मला झोप लागली नाही. उरलेले रोल दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत असं ठरवलं आणि जानेवारीत ई-६ या, रंगीत स्लाइड फिल्म धुण्याच्या प्रक्रियेचं एक लिटरचं किट मागवलं. त्यात तीन रसायनं: पहिला डेव्हलपर, कलर डेव्हलपर आणि ब्लीच-फिक्स. दुसरं मे महिन्यात. पाण्यात मिसळलेला डेव्हलपर हवेनं लवकर मरतो, म्हणून बाटली काठोकाठ भरायची आणि रोल साठवून लागोपाठ धुवायचे.

काकांचे रोल लावण्याआधी चाचणीसाठी एक नवा रोल घालवला. कोडॅकनं २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये ई१०० या नावानं परत आली, तोच घेतला. तो खर्च वाचवू नका.

सगळा खेळ पहिल्या डेव्हलपरचा. तो खरं तर ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरच असतो. प्रकाश पडलेली चांदी तो काळी करतो, आणि उरलेल्या चांदीवर पुढच्या रसायनात रंग बसतात. म्हणून निगेटिव्हची सवय असलेल्याला इथे सगळं उलटं वाटतं: पहिल्या डेव्हलपरमध्ये जास्त वेळ किंवा जास्त ऊष्मा झाला तर स्लाइड फिकट होते, कमी पडला तर काळवंडते. तापमान ३८ अंश, आणि इकडेतिकडे फार तर ०.३. जानेवारीत मी टबात गरम पाणी ओतत बसलो होतो. मेमध्ये प्रश्नच बदलला. आमच्या सोलापुरात तेव्हा पाणी चार दिवसांआड यायचं, साठवलेलं गच्चीच्या टाकीत तापायचं, आणि दुपारी नळाला यायचं तेच ३८ च्या पुढे. एका रोलला बाटली ४० वर गेलेली माझ्या लक्षात आली नाही. त्यावर सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा होती. यात्रेतले नंदीध्वज धरणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीच्या, म्हणजे बंदांच्या अंगरख्याच्या, चुण्याच त्या स्लाइडमधून गेल्या. नुसता पांढरा डाग उरला. त्यानंतर पहाटे पाचला उठून, टबात बर्फाचे खडे सोडत काम केलं, आणि उरलेले रोल नीट आले.

बाराबंदी ही रंगाची उत्तम कसोटी निघाली. जुन्या एक्टाक्रोमवर ती गुलाबी येते, सेन्सियावर बरीचशी पांढरी राहिली. यात्रेत होम मैदानावर होणाऱ्या दारूकामाच्या स्लाइडमध्ये मात्र काळं आभाळ तपकिरी पडलंय. फिल्म जुनी झाली की धुकं धरते आणि स्लाइडमध्ये त्याचा मार थेट काळ्या रंगावर बसतो. पहिल्या डेव्हलपरची वेळ कमी करून पाहिली. आभाळ थोडं दाट झालं, पण माणसांचे चेहरेही बुडाले. आता ती वाट सोडली. स्कॅनमध्ये थोडं सावरता येतं, प्रोजेक्टरवर नाही.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात. शेजारी माग चालतात आणि हवेत सुताचे तंतू तरंगतात. ओल्या फिल्मवर बसलेला तंतू वाळला की निघत नाही. आता न्हाणीघरात आधी गरम पाण्याची वाफ करतो, ती खाली बसली की फिल्म टांगतो आणि दार बंद. शेवटचं पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. आपलं पाणी जड आहे, डाग सोडतं.

चांदी काढून टाकणाऱ्या शेवटच्या रसायनाबद्दल, म्हणजे ब्लीच-फिक्सबद्दल, किटला पैकीच्या पैकी देता येत नाही. चौथ्या-पाचव्या रोलनंतर रंग मळकट दिसू लागले. चांदी पुरती निघाली नव्हती. ताज्या द्रावणात तेच रोल पुन्हा घातले आणि स्वच्छ झाले, तेव्हा मळकट आलेली पट्टी टाकून देऊ नका. वापरलेलं द्रावण गटारात ओतू नका, त्यात चांदी असते. मी कॅनमध्ये साठवलंय. आणि हातमोजे हवेतच, कलर डेव्हलपरनं माझ्या मनगटावर पुरळ उठलं होतं.

कोडाक्रोमसाठी हे किट घेऊ नका. त्या फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्यंच नसतात, ती के-१४ प्रक्रियेत धुताना बाहेरून द्यावी लागत. जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी होती. तिनं २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. आमचा रोल मी धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात फिल्मच्या पाठीवरचा काजळीचा थर काढून साध्या ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये धुतला. निगेटिव्ह फार दाट आली. तरी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभी असलेली माझी आजी ओळखू येते. साडीचा रंग आता आईच्या सांगण्यावर.

तीन सेन्सिया अजून बर्फात आहेत. एकावर काकांच्या अक्षरात ‘संमती कट्टा, अक्षता’ लिहिलंय, म्हणजे यात्रेतला अक्षता सोहळा. ते थंडी पडल्यावर, तिसऱ्या किटच्या पहिल्या ताज्या द्रावणात.